फुकट मालावर घासाघीस

फुकट! फुकट म्हणे! अहो, उभा जन्म कुलपं विकण्यात गेला माझा, पण फुकट या शब्दाला मी जितका घाबरतो तितका चोरालाही घाबरत नाही. चोरामुळे निदान धंदा तरी चालतो! आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी दुकानासमोर ती गाडी येऊन उभी राहिली... फिरता दवाखाना, ज्यांना घर नाही त्यांच्या कुत्र्यामांजरांवर मोफत उपचार, आणि आमचे रावसाहेब आपले ढिम्म! रावसाहेब कोण? माझ्या पायरीवर झोपणारा म्हातारा. अंगात कोट, कोटाला एकच बटण, म्हणून बाजारानं त्याला रावसाहेब केलेलं. आणि कोटाच्या आत त्यांची कुत्री, ठमी. निवाऱ्यात म्हाताऱ्याला खाट मिळत होती हो, पण तिथले लोक म्हणाले, "कुत्री बाहेर." तर हे म्हणाले, "मग मीही बाहेर." झालं! दोघं माझ्या पायरीवर. आता मला सांगा, माझा काय संबंध?

ठमीच्या पोटाला गाठ. लिंबाएवढी होती ती मोसंब्याएवढी झाली, गिऱ्हाइकं कुलूप सोडून गाठच बघायला लागली! म्हटलं, "रावसाहेब, जा की त्या गाडीवर." तर म्हणतात, "शेटजी, फुकट नेतील आणि ठेवून घेतील. झोपेत माझा हात तिच्या पाठीवर असतो. पाठ हलली की कळतं, आपण दोघं आहोत."

...आता असं कोणी बोललं की माणसानं काय करायचं? गल्ला बंद केला आणि निघालो दोघांना घेऊन. भलेपणा म्हणून नाही हां! फुकटात गोम काय आहे ते बघायला.

डॉक्टरीणबाई तरुण, बाह्या वर सरसावलेल्या. गाठ चाचपली नि चेहराच बदलला. "आजोबा, आजच कापायला हवी. फुटली तर मग माझ्या हातात काही नाही."

"आणि पैसे?" मी विचारलं.

"नाहीत."

"औषधांचे?"

"तेही नाहीत."

"मग तुम्हाला यात सुटतं काय?"

तर नुसती हसली! अहो, जिथे भावच नाही तिथे घासाघीस करायची कशावर? माझी जीभ नुसती वळवळायला लागली! तेवढ्यात ती म्हणाली, "फक्त एक अट. नंतर तीन आठवडे कोरडी, बंद जागा लागेल. रस्त्यावर जखम चिघळणार. जागा नसेल तर मी कापणार नाही."

रावसाहेबांनी कोट घट्ट ओढून घेतला. आणि मी? माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन फार होतात. एक!"

"एकात टाके सुकत नाहीत, काका. अडीच."

"दीड!"

"दोन. शेवटचं."

"ठरलं!" म्हणून मी मांडीवर थाप मारली, लढाई जिंकल्यासारखी! बाई म्हणाल्या, "छान. मग जागा कुठे आहे तुमची?"

अहो, भाव करतो तो गिऱ्हाईक! जन्मभर मीच लोकांना ऐकवत आलो, एवढा भाव केलात नि आता न घेता जाता? दुकानामागची वखार गेली की हो!

ठमीला आत नेलं. बाहेर बाकावर आम्ही दोघं. म्हाताऱ्याचा हात रिकामा, कुठे ठेवावा कळेना, शेवटी ठेवला माझ्या पाठीवर. माझा काय संबंध? मी आपला बसून राहिलो... श्वास तेवढा जरा मोठा मोठा घेत राहिलो.

वाचली. टाके निघाले. परवा वखारीत गेलो, तर रावसाहेबांनी जमीन झाडलेली, पोती घडी घालून ठेवलेली. "शेटजी, बोलीप्रमाणे दोन आठवडे झाले. येतो आम्ही." सौदा पुरा! मी फक्त 'या' म्हणायचं होतं. पण ही जीभ!

"इतक्यात? महिनाभर थांबा."

"नको हो. फार तर चार दिवस."

"चार? चेष्टा करता काय! थंडी सरेपर्यंत!"

"...बरं."

पुन्हा मीच जिंकलो!

आता आत माणूस, म्हणून बाहेरून कुलूप लावता येत नाही. आतून कडी घालावी, तर ठमीबाईंना पहाटे फिरायला जायचं असतं. अख्ख्या गावाला कुलपं विकणारा मी, आणि माझ्याच वखारीचं दार नुसतं लोटलेलं! काल शेजारचा शिंपी विचारतो, "शेटजी, चोर आला तर?"

म्हटलं, येऊ दे बाबा. फक्त त्याला माझ्याशी बोलू देऊ नकोस... नाहीतर तोही राहील.