सावरखिंडीतली जीप

ऐका. शेकोटीजवळ सरका, आणि ज्यांना बिडी ओढायची आहे त्यांनी आत्ताच ओढून घ्या. गोष्ट सुरू झाली की कुणी काडी पेटवायची नाही. का, ते कळेल.

दरवर्षी ही गोष्टीची जागा आप्पांची. यंदा त्यांचा घसा बसलाय, म्हणून मी बसले. हसू नका. केतकी दिल्लीला सहा वर्षं शिकून आली, भूत नसतं म्हणून लाऊडस्पीकरवरून ओरडत होती आणि आता तीच भुताची गोष्ट सांगतेय, असंच ना? तर त्या लाऊडस्पीकरपासूनच सुरुवात आहे.

आपली ती जुनी पांढरी गाडी. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायला हवी म्हणून गावाने मिळून घेतलेली. रात्रीची गाडी मी चालवणार, असं मी चावडीवर उभी राहून सांगितलं होतं. तेव्हा कोण कोण हसलं तेही लक्षात आहे माझ्या. असो.

गेल्या मार्गशीर्षातल्या अमावस्येला मी मुद्दाम सभा घेतली. वीज गेलेली. मग लाऊडस्पीकर आणि दोन दिवे गाडीच्या बॅटरीला जोडले, इंजिन बंद ठेवलं, आणि साडेतीन तास बोलले. भूत नसतं. करणी नसते. साप चावला तर मांत्रिक नको, दवाखाना. श्वास थांबला तर नाक दाबून तोंडाने श्वास कसा द्यायचा, तेही उशीवर करून दाखवलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या आणि हौसाक्काला मण्यार चावली.

ती बघा, तिकडे बसलीय. हौसाक्का, हात वर कर की गं. घरी जाऊन जळणाच्या मोळीत हात घातला, तर मुंगी चावल्यासारखं झालं म्हणाली. मण्यार दुखवत नाही. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. आणि दवाखाना सावरखिंडीच्या पलीकडे. सव्वा तास.

गाडीत बसले. सेल्फ मारला. टक. टक. बस. सगळी बॅटरी माझं भाषण पिऊन बसलेलं. दहा जणांनी ढकलली तेव्हा चालू झाली. मागच्या सीटवर हौसाक्का, तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची जाऊ पारूवहिनी. आणि वहिनीने काय केलं, हौसाक्काच्या उशाला विळा ठेवला.

"वहिनी, तो विळा कशाला?"

"बाळंतिणीच्या उशाला ठिवत्यात तसा. लोखंड हाय. जवळ कोन येत न्हाय."

"आत्ता साडेतीन तास मी काय बोलले?"

"आयकलं की. लई ग्वाड बोललीस. आता गाडी हाण."

हाणली. खिंडीचं शेवटचं वळण तुम्हाला ठाऊक आहे. उभा चढ, डाव्या हाताला दरी. तिथे गाडीच्या दिव्यात एक माणूस. रस्त्याच्या मधोमध. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळेसुद्धा झाकलेले. मी ब्रेक दाबला. क्लच दाबायचा राहिला. इंजिन बंद.

सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला, टकसुद्धा नाही. दिवे पिवळे झाले आणि गेले.

चढावर गाडी. ढकलायला दोघी, त्यातली एक आजाऱ्याला धरून बसलेली. मागे सोडावी तर दरी. फोनला रेंज नाही. मागून पारूवहिनी एकसारखी बोलत होती, "अक्का, डोळं मिटू नगं. म्हशीचं नाव काय आपल्या? सांग. म्हशीचं नाव सांग."

"चं...द्री," हौसाक्का म्हणाली.

"पुन्यांदा सांग."

"चं..." एवढंच आलं.

हँडब्रेक ओढून मी खाली उतरले. तो माणूस जवळ आलेला. "बॅटरी बसली व्हय, ताई? घाबरू नगं. माझी जीप हाय की."

आणि होती. जीप होती. शपथेवर सांगते, वळण घेताना तिथे काही नव्हतं. बॉनेट उघडलेलं, इंजिन चालू, पण आवाज खालून, दरीतून यावा तसा. दिवे जळत होते आणि उजेड कशावरच पडत नव्हता. हे सगळं मला दिसलं का? दिसलं. मी विचारलं का? नाही. मागे एक बाई मरत होती. मला फक्त एक चालू बॅटरी हवी होती.

"आनखी पुढं घिऊ का? टेकू दे गाड्या," तो म्हणाला.

"नको. टेकायच्या नाहीत." एवढं मला पक्कं आठवत होतं. तालुक्याच्या इस्माईलचाचांनी ही गाडी दुरुस्त करून दिली तेव्हा दोन केबल सीटखाली टाकल्या होत्या. एक लाल, एक काळी, चार चिमटे. कुठला कधी लावायचा ते माझ्याकडून म्हणून घेत होते. मी एकदा ऐकलं आणि म्हटलं, कळलं चाचा. शिकलेल्या माणसाची खोड. एकदा ऐकलं की आलं असं वाटतं.

सीटखालच्या केबल काढल्या, आमचं बॉनेट उघडलं. फोनचा उजेड दोनदा लुकलुकला आणि फोन मेला.

"काडी हाय का, ताई? वढ. बॅटरीवर धर, समदं दिसंल."

सभेच्या कंदिलासाठी आणलेली काड्यापेटी माझ्या खिशात होती. काढली. काडी बाहेर घेतली. आणि चाचा आठवले. बॅटरी श्वास सोडते बेटी, म्हणाले होते, आणि तो श्वास पेटतो. मी काडी परत आत घातली. "नको. चाचपून लावते."

"मग मला दे काडी."

"नको म्हटलं ना."

"एक दे. एकच दे. कवाधरनं बिडी वढली न्हाय."

पेटी मी पोलक्यात खोचली. बोटांनी बॅटरी चाचपली. प्लसची खूण उठावाची असते, ती बोटाला लागते. लाल चिमटा आमच्या प्लसला. दुसरा लाल जीपच्या प्लसला. त्या जीपला हात लागला तर पत्र्याचा गारवा नाही, ओल्या मातीसारखं मऊ. तरी लावला. काळा जीपच्या मायनसला. तीन झाले.

चौथा हातात. आणि मला आठवेना. काही केल्या आठवेना.

"बॅटरीलाच की," तो म्हणाला. "मायनसला. आनी कुठं? वाक. तोंड जवळ ने. नीट बसतोय का बघ."

पटण्यासारखं होतं. तीन चिमटे बॅटरीला, मग चौथाही बॅटरीलाच. मी वाकले.

तेवढ्यात आवाज आला. हौसाक्काचा. "लाव की गं केतके. मी मरतिया."

आणि मागून पारूवहिनी ओरडली, "केतके, ही अक्का न्हवं. अक्काचा श्वास थांबलाय."

आवाज टॉवेलातून आला होता.

मी झटकन मागे वळले. चिमटा निसटून इंजिनच्या एका उघड्या लोखंडी कडीला घासला. बारीक ठिणगी पडली. तो चार पावलं मागे उडाला. "तिथं न्हाय. लोखंडाला न्हाय. बॅटरीला म्हनतोय न्हवं मी."

तेव्हा लक्षात आलं. हा मागच्या दाराकडे एकदाही फिरकला नव्हता. तिथे विळा होता. आणि चाचांचं वाक्य आख्खं आठवलं. शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडतेच बेटी, म्हणून तो इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी तिथे पडू दे, बॅटरीच्या श्वासात नको.

लावला. लोखंडाला घट्ट लावला. त्याचा टॉवेल घसरला. डोळ्यांच्या जागी नुसत्या भाजलेल्या खोबणी.

आणि मग पाच मिनिटं थांबायचं होतं. ऐकताय? पाच मिनिटं. आमच्या बॅटरीत जीव येईपर्यंत. मी गाडीत, काचा वर. तो बाहेर, काचेला तोंड लावून, "काडी दे, काडी दे." मागे बघितलं, तर पारूवहिनी हौसाक्काचं नाक दाबून तिच्या तोंडात श्वास भरत होती. मी उशीवर दाखवला होता तस्साच. मला वाटलं होतं सभेत ती पेंगत होती.

सेल्फ मारला. इंजिन लागलं.

काढताना क्रम उलटा. लोखंडावरचा आधी. मग जीपवरचा काळा. मग जीपवरचा लाल. तो काढला आणि ते टोक त्याने धरलं. केबल माझ्या मनगटाला वेटोळं घालून बसली. तो ओढत होता दरीकडे, आणि बोलणं मात्र मऊ. "ऱ्हा की, ताई. वीस वरसं झाली. कुनी थांबत न्हाय." माझ्या चपला सुटल्या. खडीवर टाचा घासत गेल्या.

वहिनीने हौसाक्काला एक श्वास दिला, काच खाली केली, म्हणाली, "सोड तिला, मुडद्या," आणि विळा फेकला. पुढच्या श्वासाला परत आत.

विळा केबलवर पडला. केबल सैल झाली. समोर जीप नाही, माणूस नाही. मी आमच्याकडचा लाल चिमटा उपटला, बॉनेट आपटलं आणि गाडी काढली. दवाखान्याच्या दारात इंजिन बंद करायलाही धजले नाही.

हौसाक्का बारा दिवस श्वासाच्या नळीवर होती. तेराव्या दिवशी बोलली. पहिलं काय बोलली? "चंद्रीची धार कोन काढतंय?"

नंतर मी दिवसाउजेडी खिंडीत गेले. लाल केबल काठावर पडलेली, एका टोकाचे दात जळून काळे. खाली झाडीत एक जीप, गंजून चाळण झालेली. बॉनेट उघडं. आत बॅटरी नाही. इस्माईलचाचा म्हणाले, तो केरबा ड्रायव्हर. वीस वर्षांपूर्वी तोंडात बिडी धरून बॅटरीवर वाकला. बॅटरी फुटली, तेजाब डोळ्यांत गेलं. आंधळा होऊन मदत शोधत चालत राहिला, तो थेट दरीत. त्याची जीप रस्त्यातच होती, ती लोकांनी नंतर दरीत ढकलून दिली.

मग आमची गाडी त्या रात्री कुणाच्या बॅटरीवर लागली? मला विचारू नका. दिल्लीत हे शिकवलं नाही.

आता माझ्या जागी आप्पा बसले असते तर म्हणाले असते, त्या वाटेला पुन्हा पाऊल टाकू नका. मी कशी म्हणू? दवाखाना पलीकडे आहे. जावं लागेल, रात्रीचंच जावं लागेल. म्हणून केबल सीटखाली असतात, विळाही असतो, आणि गाडीच्या बॅटरीवर या गावात पुन्हा भाषण होणार नाही. खिंडीत कुणी टॉवेलवाला भेटला तर त्याला रामराम करा, केरबा म्हणून हाक मारा, बिचाऱ्याला बरं वाटेल. पण काडी देऊ नका. आणि तो सांगेल तिथे वाकू नका.

चला, घरी जाण्याआधी एकेकाने म्हणून दाखवायचं. हौसाक्का, तू सुरू कर. चौथा चिमटा कुठे?