चिरलेली नळी

सून : गॅरेजवाला म्हणतो, गाडी उद्या संध्याकाळी बघतो. आज माणूसच नाही त्याच्याकडे.

सासरे : उद्या? अगं, बारा वाजता तुझ्या सासूला दवाखान्यातून घरी सोडणार आहेत. वीस दिवसांनी! पहाटेपासून पिशवी भरून बसली असेल ती.

सून : टॅक्सी बोलावते मग.

सासरे : तिचा पाय दुमडत नाही अजून. म्हणून तर काल आपल्या गाडीचं पुढचं सीट मागे सरकवून उशी बांधली. टॅक्सीवाला करेल एवढं?

सून : मग तुम्हीच बघा ना, बाबा. तीस वर्षं गाड्याच दुरुस्त केल्यात.

सासरे : बघितलं. रेडिएटरची नळी टोकाला चिरलीय, खाली तळं साचलंय. घटकाभराचं काम. कुणी माणूस मिळतो का बघ.

सून : घटकाभराचं आहे तर माणूस कशाला?

(सासरे दोन्ही हात पुढे धरतात.)

सासरे : कपसुद्धा स्थिर धरवत नाही मला. तुला काय, दिसत नाही?

सून : दिसतं. म्हणून तर वर्षभर अर्धाच कप भरते.

सासरे : …आणि मला वाटायचं, सूनबाई चहाला चिक्कू आहे.

सून : हात माझे, बाबा. तुम्ही नुसतं सांगा.

सासरे : हे शिवणकाम नव्हे.

सून : कापायचंच आहे ना? रोज चार गळे कापते मी.

सासरे : हळू बोल, शेजारी ऐकतील! बरं, माळ्यावरून माझी हत्यारांची पेटी काढ. गाडी थंड आहे, भाजायचं नाही. नळीवरची ती क्लिप ढिली कर. आता नळी पिळून ओढ.

सून : आली! अंघोळही झाली.

सासरे : होणारच. चिरलेलं टोक काप, दोन बोटं. सरळ हं.

सून : उरलेली पुरेल? …पुरेल. बनवणाऱ्याने माया ठेवलीय, आम्ही शिवणीत ठेवतो तशी.

सासरे : आतून साबण लाव आणि दाब. अजून. बसली?

सून : घट्ट! पण बाबा, क्लिप माझ्या हातातच राहिली.

सासरे : अरे देवा! ती आधी नळीवर चढवायची असते.

सून : तुम्ही सांगितलंच नाहीत.

सासरे : हातांना ठाऊक होतं गं. तोंडाला कधी सांगायची वेळच आली नव्हती. काढ परत.

सून : काढली. चढवली. दाबली. आवळली.

सासरे : आता पाणी भर, झाकण लाव. खाली वर्तमानपत्र पसर. देवाचं नाव घे आणि किल्ली फिरव.

सून : चालू झाली!

सासरे : घाई नको. पंखा फिरेपर्यंत तापू दे तिला… हां, फिरला. वाक आता. कागद?

सून : कोरडा.

सासरे : कडेला बघ.

सून : कडेलाही कोरडा. बारीक अक्षरसुद्धा पुसलं नाही, बाबा.

सासरे : पावलास रे बाबा! पावलास!

सून : आईंचा फोन. घ्या, तुमच्या कानाला धरते.

सासूबाई : निघालात का? गाडी बिघडली म्हणे. तुम्ही हात लावलात?

सासरे : बोटसुद्धा नाही. तोंडाने दुरुस्त केली.

सासूबाई : जन्मभर तेच केलंत. या लवकर.

सून : आवरते हं पटकन. पेटी परत माळ्यावर टाकू?

सासरे : नको. डिकीत ठेव. तुझ्या हाताला लागेल अशी.