सदतीस नंबरचं दार

मृणालिनी: ...आणि माझं निवडणुकीचं पोस्टर रस्त्याकडच्या भिंतीवर लावतो म्हणाला! बसस्टॉपवरून दिसेल असं. लिहिलंस ना? सदतीस, डोनेली, पहिली पसंती. खाली दोन रेघा मार.

यामिनी: नाही लिहिलं.

मृणालिनी: पेन्सिल गेली का? माझ्या पर्समध्ये बघ, खोकल्याच्या गोळ्यांखाली.

यामिनी: पेन्सिल आहे.

मृणालिनी: मग लिही की गं. डोनेली म्हणजे इथल्या सोसायटीचा चेअरमनच म्हण ना. एकशेचाळीस घरं त्याला विचारून मत देतात. एकोणचाळीस. गाडी उभी आहे, माणसं असणार. चल.

यामिनी: तू हो पुढे. मी फाटकापाशी थांबते.

मृणालिनी: परत? सदतीसलाही मी बोलत असताना मधेच फाटकाकडे निघून गेलीस. अगं, नासच्या या आयरिश लोकांना डॉक्टर दिसली की बरं वाटतं, म्हणून तर तुला आणते. नुसती पत्रकं टाकायला गिरीश आहे.

यामिनी: गिरीश कुत्र्यांना घाबरतो. मागच्या गुरुवारी अर्धी पत्रकं त्याने स्वतःच्याच डिकीत टाकली.

मृणालिनी: माझ्या नवऱ्याबद्दल नंतर. आलेच.

यामिनी: ये.

मृणालिनी: झालं. एकटी आजी आहे, गोड आहे. पहिली पसंती भाच्याला, दुसरी मला. मला वाटतं भाचा उभाच नाहीये. लिही, एकोणचाळीस, दोन.

यामिनी: लिहिलं.

मृणालिनी: आणि सदतीस?

यामिनी: मृणाल, तू त्याला हो म्हणालीस.

मृणालिनी: म्हणणारच. पोस्टर लावू का विचारल्यावर काय नाही म्हणू?

यामिनी: त्याच्या आधी. तो फंडांचं बोलत होता तेव्हा.

मृणालिनी: मग? घेतातच ना हे गुंतवणूक फंड घरं! अख्ख्या इमारती उचलतात आणि आपण जन्मभर भाडं भरायचं. पत्रकातला तिसरा मुद्दा आहे तो. तूच टाइप केलायस.

यामिनी: तिथपर्यंत ठीक होतं. पुढे तो म्हणाला, या फंडांच्या मागे कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलायची सोय नाही. तू विचारलंस, कोण? तो म्हणाला, ज्यू. बँका त्यांच्या, पेपर त्यांचे, आता नासमधली घरंही त्यांची.

मृणालिनी: हं. असं काहीतरी बडबडला खरा.

यामिनी: तू मान हलवलीस.

मृणालिनी: अगं, ती आपली ऐकण्याची मान! ती मी सगळ्यांपुढे हलवते. सासूबाईंच्या फोनवर चाळीस चाळीस मिनिटं हलवते, त्यांना दिसतसुद्धा नाही.

यामिनी: मानेवर थांबली नाहीस. 'अ‍ॅब्सोल्यूटली' म्हणालीस. दोनदा.

मृणालिनी: दोनदा?

यामिनी: दुसऱ्यांदा त्याच्या दंडावर हात ठेवून.

मृणालिनी: ...एक्केचाळीस.

यामिनी: एक्केचाळीसला कोणी नाही. पेटीवर पाटी आहे, पत्रकं टाकू नका.

मृणालिनी: मग नको टाकायला. हे बघ, यामू, तू थकलीस. नाइट ड्यूटी करून आलीयेस. आणि मला खरंच कळत नाहीये, तुला एवढं काय लागलं? गाझाच्या मोर्चाला आपण दोघी बरोबर होतो. तुझ्या हातात माझ्यापेक्षा मोठा बोर्ड होता.

यामिनी: होता. पुढच्या मोर्चालाही येईन. तिथे मी एका सरकारच्या विरोधात गेले होते, मुलं मरतायत म्हणून. डोनेलीने सरकारचं नाव तरी घेतलं का? त्याला नासमधली घरं कोणी पळवली ते सांगायचं होतं.

मृणालिनी: बरं, चुकला तो. म्हातारा माणूस आहे, कुठेतरी वाचलं असेल. पण इथे आहेत कोण ज्यू ज्यांना वाईट वाटेल? नासमध्ये एक तरी असेल का?

यामिनी: एक आहे.

मृणालिनी: कोण?

यामिनी: त्रेचाळीसला ट्रॅम्पोलिन आहे. मुलांचं घर आहे, शाळेच्या बसचं बोल.

मृणालिनी: यामिनी, कोण?

यामिनी: माझ्या वडिलांचं नाव सॅमसन.

मृणालिनी: काय?

यामिनी: सॅमसन बेंजामिन झिराडकर. अलिबागला एसटीत होते.

मृणालिनी: म्हणजे तुम्ही... ख्रिश्चन?

यामिनी: मी आत्ता काय सांगतेय, मृणाल?

मृणालिनी: पण तू झिराडकर आहेस!

यामिनी: झिराडचेच आम्ही. आमचे लोक म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वी नवगावला जहाज फुटलं, तेव्हापासून. तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं शनवार तेली. बेने इस्राएल. वाचलं असशील कुठेतरी.

मृणालिनी: वाचलंय गं! शाळेत असताना कुठल्याशा पुरवणीत. पण ते लोक म्हणजे... मला वाटलं ते सगळे गेले.

यामिनी: पुष्कळ गेले. मी आयर्लंडला आले.

मृणालिनी: थांब, थांब. तू आमच्या गणपतीत आरती म्हणतेस. मोठ्याने! माझ्या लेकीला, स्वानंदीला, तीन कडवी येतात, तुला सगळी येतात.

यामिनी: अलिबागला आमच्या एका भिंतीला भिडे आणि दुसऱ्या भिंतीला पाटील. तुला काय वाटतं, आरती येणार नाही? भिड्यांच्या काकू आमच्याकडे नवसाच्या मलिद्याला यायच्या, पहिल्या पंगतीला.

मृणालिनी: कोळंबी!

यामिनी: हो. आमच्या धर्मात चालत नाही.

मृणालिनी: अलिबागची पोरगी कोळंबी खात नाही, मी सहा वर्षं म्हणतेय! अख्ख्या मराठी मंडळाला सांगितलंय, यामिनीला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टर असून स्वतःला औषध नाही. दर जेवणाला तुझं वेगळं ताट काढते मी. वर चिकटपट्टी लावते. नाव लिहिते!

यामिनी: म्हणून तर सांगणं राहून गेलं. एवढी चिकटपट्टी लावणाऱ्या बाईला काय सांगायचं?

मृणालिनी: आणि शुक्रवारी संध्याकाळी तू कधी प्रचाराला येत नाहीस.

यामिनी: आमचा शनवार शुक्रवारी संध्याकाळीच लागतो, मेणबत्त्या लावते. आई व्हिडिओवर असते, नीट लावल्या का बघायला.

मृणालिनी: मी म्हणायचे ऑन-कॉल आहे. सहा वर्षं, यामू! माझं सिझेरियन झालं तेव्हा तू तीन रात्री माझ्याकडे झोपलीस. माझ्या बँकेचा पासवर्ड तुला माहीत आहे. का नाही सांगितलंस?

यामिनी: आधी कोणी विचारलं नाही म्हणून. आडनाव ऐकलं की सगळे समजून चालतात, आणि इथे मधलं नाव कोणी वापरत नाही. मी लपवत नव्हते. अलिबागला लपवायची वेळच आली नाही कधी, आमच्यात दाराच्या चौकटीला प्रार्थना घातलेली डबी लावतात, ती खूण अख्ख्या आळीला माहीत. लपवायला मी इथे शिकले.

मृणालिनी: कधी?

यामिनी: लढाई सुरू झाली तेव्हा. मंडळाच्या ग्रुपवर संजीवने एक फॉरवर्ड टाकला होता. जगातल्या बँका कोणत्या घराण्यांच्या, लढाया कोण लावतं, खाली आकड्यासारखं वाकडं नाक काढलेल्या ज्यूचं चित्र. त्याला एकतीस अंगठे आले. मी बसून मोजले. त्यात एक तुझा.

मृणालिनी: मी वाचत नाही गं! मी सगळ्यांना अंगठा देते. कोणाचं वाढदिवसाचं असतं, कोणाचं खोकल्याचं...

यामिनी: माहितीये. तुझ्यावर चिडलेच नाही. पण त्या आठवड्यात दाराची खूण काढून मी आतल्या बाजूला लावली.

मृणालिनी: ती चांदीची डबी? मी तुला विचारलं होतं, थर्मामीटर आहे का.

यामिनी: आणि मी हो म्हणाले.

मृणालिनी: अरे देवा.

यामिनी: मंडळातले रमेशकाका तर उलटे. ज्यू लोक काय हुशार, पैसा त्यांना कळतो, आपण शिकलं पाहिजे त्यांच्याकडून. ते कौतुक करतायत असं त्यांना वाटतं. ते ऐकतानाही मी भजी खात बसते. आईला पैसे पाठवायला महिन्याच्या शेवटी माझी ओढाताण होते, आणि बँका माझ्या.

मृणालिनी: हसू नकोस. मला रडायला येतंय आणि तू हसतेस.

यामिनी: त्रेचाळीसवाली पडद्यातून बघतेय. रडलीस तर दुसरी पसंतीपण जाईल.

मृणालिनी: जाऊ दे. मी परत जाते सदतीसला. त्याला सांगते, ही माझी जिवाभावाची मैत्रीण, ही डॉक्टर, ही रात्र रात्र तुमच्या आयांना तपासते, आणि ही...

यामिनी: नाही.

मृणालिनी: नाही म्हणजे?

यामिनी: मला पुढे करायचं नाही. तो मला सॉरी म्हणेल, चहा देईल. म्हणेल, तुझ्याबद्दल नाही गं बाई, तू चांगली, मी बाकीच्यांबद्दल बोलत होतो. मग मी त्याची चांगली ज्यू होऊन बसायचं. मी नासला आले नसते तरी ते खोटंच होतं.

मृणालिनी: मग त्याला सांगायचं तरी काय?

यामिनी: ते मी कसं सांगू? अ‍ॅब्सोल्यूटली तू म्हणालीस.

मृणालिनी: एकशेचाळीस घरं, यामू.

यामिनी: हो.

मृणालिनी: गिरीश म्हणतो, शेवटची जागा चाळीस-पन्नास मतांवर अडकते. आणि एक बाई, वर आपल्यासारखी दिसणारी. परवा माझ्या पोस्टरवर कोणीतरी 'परत जा' लिहिलं, ते पुसायला तूच आली होतीस. डोनेलीने पोस्टर लावलं की असं लिहायची कोणाची हिंमत होणार नाही. हे मला हवंय गं. खूप हवंय.

यामिनी: मलाही हवंय. म्हणून तर झोप सोडून आलेय.

मृणालिनी: निवडून आल्यावर सांगितलं तर? तेव्हा माझ्या शब्दाला वजन असेल.

यामिनी: सांग तेव्हा.

मृणालिनी: खरंच चालेल?

यामिनी: मी उद्याही येईन, मृणाल. शनिवारी संध्याकाळीही येईन. तू निवडून यावंस असंच मला वाटतं, बसचं तू करशील. फक्त सदतीसपुढे हो लिहायचं असेल तर तू लिही. ही घे पेन्सिल.

मृणालिनी: तू भांडून घरी गेली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

यामिनी: चालत जायला लांब आहे. गाडी तुझी आहे.

मृणालिनी: ...तू मला मघाशी घाबरलीस का? फाटकाकडे गेलीस तेव्हा?

यामिनी: त्याला नाही घाबरले. तू तिसऱ्यांदा म्हणशील आणि मला ते ऐकावं लागेल, म्हणून गेले.

मृणालिनी: बरं. तू डोनेली हो.

यामिनी: काय?

मृणालिनी: उभी राहा दारात असल्यासारखी. मिस्टर डोनेली, मघाशी आपली जी चर्चा झाली, त्या संदर्भात मला काही मुद्दे स्पष्ट करायचे आहेत. पहिला म्हणजे...

यामिनी: दार लावलं मी.

मृणालिनी: मिस्टर डोनेली, तुम्हाला कदाचित माहीत नसेल, इतिहासात...

यामिनी: फुटबॉल चालू आहे आत.

मृणालिनी: मिस्टर डोनेली, मघाशी मी जे म्हणाले ते तुमचं मन राखायला म्हणाले, पण...

यामिनी: मत राखायला.

मृणालिनी: दुष्ट आहेस तू.

यामिनी: पुढे.

मृणालिनी: मत मिळावं म्हणून मी हो म्हणाले. ते खरं नाहीये. घरं फंड घेतात, कायदा त्यांना घेऊ देतो, आणि तो कायदा ज्यूंनी केलेला नाही. मला ते तेव्हाच म्हणायला हवं होतं.

यामिनी: ग्रँड.

मृणालिनी: एवढंच?

यामिनी: एवढंच. मान स्थिर ठेव.

मृणालिनी: तू येतेस?

यामिनी: नाही.

(मृणालिनी सदतीस नंबरकडे चालत जाते. पाच-सहा मिनिटं. परत येते तेव्हा तिच्या काखेत गुंडाळलेलं पोस्टर आहे.)

यामिनी: ये. पाणी पी आधी.

मृणालिनी: ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. अगदी शांतपणे आत गेला आणि हे आणून दिलं.

यामिनी: सगळं सांगितलंस?

मृणालिनी: सगळं नाही जमलं. कायद्याचं विसरले. 'ते खरं नाही' एवढं नीट म्हणाले. आणि मतासाठी हो म्हटलं, तेही. मागे त्याची बायको येऊन उभी राहिली होती, हातात ताटं पुसायचं फडकं. ती शेवटपर्यंत आत गेली नाही.

यामिनी: मग?

मृणालिनी: मग तो म्हणाला, मुली, तुला आता नक्की कोणी पाठवलं?

यामिनी: तू काय म्हणालीस?

मृणालिनी: म्हटलं, कोणी नाही, माझी मी आले. ...खोटं बोलले का गं मी?

यामिनी: नाही. मी तर इथेच उभी होते.