तेवीस किलोंत सायकल

…आणि वर म्हणे क्रीडासाहित्य! आता तुम्हीच सांगा, माझ्याकडे बघून कुणाला वाटेल की हा माणूस क्रीडा करत असेल? त्र्याहत्तरावं संपलं. चव्वेचाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, खेळलो एकही दिवस नाही. पण विमानकंपनीच्या फोनवरची ती बाई, आवाज असा की साखरेत घोळवून ठेवलेला, ती म्हणते, "सर, सायकल क्रीडासाहित्यात मोडते." मी म्हटलं, बाई, माझ्या हातची सायकल कशातच मोडत नाही. ती हसली नाही. तिला हसायचा पगार नसावा. तिनं पुढचं वाचून दाखवलं… खोका धरून, दोऱ्या धरून, चिकटपट्टी धरून तेवीस किलो, आणि सामानाचा तो एकच डाग. बाकी कपडेलत्ते हातातल्या पिशवीत, सात किलो. मी विचारलं, साडेतेवीस झालं तर? म्हणाली, तेवीस म्हणजे तेवीस.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तिकडे लेकीच्या देशात काय सायकली मिळत नाहीत? थांबा. तुम्ही पहिले नाही. मुलगा म्हणाला, सूनबाई म्हणाली, समोरचा शिंपी म्हणाला, ज्याला स्वतःच्या सायकलीची चेन उतरली तर चढवता येत नाही तोसुद्धा म्हणाला. सगळ्यांना एकच उत्तर दिलं… माझ्यासारखी मिळत नाही.

तुम्हाला सांगतो काय भानगड आहे. माझा डावा गुडघा पुरता वाकत नाही. चालायला गेलो तर दोनशे पावलं, की बसायला दगड शोधा. पण सायकलीवर? सायकलीवर मी दहा किलोमीटर जातो. कसा? तर पेडल ज्या दांड्याला लागतं ना, तो डावीकडचा दांडा मी माझ्या हातानं आखूड केलाय. तीन बोटं अलीकडे नवं भोक पाडलं, आत पेचाचा आटा कापला, पेडल तिथे बसवलं. उजवा पाय मोठा गोल फिरतो, डावा छोटा. बघणाऱ्याला वाटतं सायकल लंगडते. लंगडते ना, लंगडू दे. माझं लंगडणं तिनं घेतलं, मी सरळ जातो. असा दांडा जगाच्या पाठीवर कुठल्या दुकानात टांगलेला नाही.

आणि धाकटीकडे जायचं ते चार दिवसांसाठी नाही, सहा महिन्यांसाठी. अकरा तासांचं विमान. तीन वर्षं मागे लागली होती, बाबा या, बाबा या. फोनवर म्हणाली, सायकलीचा हट्ट कशाला, इथे गाडी आहे, मी नेईन तुम्हाला, मी आणीन. नेईन, आणीन. कुणाला नेतात आणि आणतात हो? सामानाला. सहा महिने मी तिच्या बैठकीत कोचावर बसायचं, ती आली की उठायचं, ती नेईल तिथे जायचं, ती म्हणेल तेव्हा परत यायचं. मी सुनेला स्पष्ट सांगितलं, सायकल जाणार नसेल तर मीही जात नाही. तिकीट काढलेलं असो नाहीतर नसो.

मग लागलो कामाला. दुकानातनं जाड पुठ्ठ्याचा खोका आणला. पुढचं चाक काढलं, हँडल फिरवून दांडीला बांधलं, पेडलं काढली. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, मुलगा नेहमी चुकीच्या बाजूला जोर लावतो म्हणून त्याला हात लावू दिला नाही. मडगार्डला जुना टॉवेल गुंडाळला. सोबत चार पाने, दोन ट्यूबा, पंप. टायरमधली हवा सोडा असं त्या साखरवालीनं सांगितलं होतं. चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या टायरमध्ये हवा भरली, स्वतःच्या सोडताना कसं वाटलं ते तुम्हाला नाही कळायचं. खोका असा बांधला की हलवला तर आतून हूं नाही की चूं नाही.

आता वजन. घरात न्हाणीघराबाहेर सूनबाईचा काटा आहे, माणसांनी उभं राहायचा. त्यावर खोका ठेवला की आकडाच दिसेना, खोक्याखाली जातो. म्हणून मी खोका उचलून काट्यावर उभा राहिलो. सत्त्याऐंशी. मुलगा म्हणाला, बाबा, आता खाली उतरा आणि एकटे उभे राहा. म्हटलं, कशाला? माझं वजन मला माहीत आहे. चौसष्ट. दुकान टाकलं तेव्हा चौसष्ट, लग्नात चौसष्ट, आजही चौसष्ट. म्हणाला, एकदा बघून घेऊ. म्हटलं, स्वतःचं वजन ज्याला माहीत नाही त्यानं दुसऱ्याचं तोलू नये. सत्त्याऐंशीतून चौसष्ट गेले, किती राहिले? तेवीस. आणि तेवीस म्हणजे तेवीस. बांधा चिकटपट्टी.

विमानतळावर गेलो. रांग ही लांबलचक, माणसं कमी आणि चाकं लावलेल्या बॅगा जास्त, आणि त्या बॅगांची चाकं, बघवत नाही, प्लास्टिकची, दोन फेऱ्यांत मोडायची. खोका पट्ट्यावर ठेवला. काउंटरवर एक पोरगी होती, केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर इस्त्री. तिनं आकडा वाचला… सव्वीस पूर्णांक पाच.

म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय.

ती म्हणाली, आजच तपासलाय. म्हटलं, मग तपासणारा बिघडलाय. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. मुलानं खिशाकडे हात नेला, जादा वजनाचं काय होईल ते मी देतो म्हणाला. त्याचा हात तिथेच धरला. प्रश्न पैशाचा नव्हता हो. माझं वजन खोटं ठरत होतं. मी त्या पोरीला समजावलं, अगदी शांतपणे, मुलगा म्हणतो ओरडून, पण मी शांतपणेच समजावलं… हे बघ पोरी, मी आणि खोका मिळून सत्त्याऐंशी. त्यात मी चौसष्ट. राहिले तेवीस. शाळेत चौथीपर्यंत गेलोय, वजाबाकी तिसरीतच झाली.

तिनं ऐकून घेतलं. बाजूच्या भिंतीशी प्रवाशांनी आपापल्या बॅगा तोलायला एक काटा ठेवलेला असतो, तिकडे बोट दाखवून हळूच म्हणाली,

"आजोबा, तिथे एकदा तुम्ही उभे राहता का?"

राहिलो. ताठ उभा राहिलो. छाती पुढे काढली, जसं काही छाती पुढे काढली की वजन वाढतं.

साठ पूर्णांक पाच.

खोका जड झाला नव्हता. मीच हलका झालो होतो.

गेल्या थंडीत मला ताप आला होता, चांगला महिनाभर. उठलो, दुकानात जाऊन बसलो, सगळ्यांना सांगितलं की झालो पहिल्यासारखा. मलाही तसंच वाटत होतं. विजार सैल झाली तर म्हटलं धुऊन धुऊन ताणली असेल. आता आकडा लाल अक्षरात समोर, आणि तो मुलानं वाचला. एरवी एका पान्यावरून तासभर वाद घालतो, त्या वेळी नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते मला सोसलं नाही. काउंटरकडे वळलो आणि म्हणालो,

"काटा बरोबर आहे. खोका उघडायला जागा दाखवा."

उभ्या आयुष्यात माझ्या तोंडून असं वाक्य निघालेलं तुम्ही ऐकलं नसेल. मीही नव्हतं.

साडेतीन किलो कमी करायचे आणि काउंटर बंद व्हायला चाळीस मिनिटं. तिथेच फरशीवर बसलो. पाने खोक्यातच होते ते एक बरं. कॅरियर काढलं, एक किलो. सीट काढली. माझी सीट जुनी, चामड्याची, खाली दोन जाड स्प्रिंगा, सहज दीड किलो. स्टँड काढलं. पंप काढला. आता हे ठेवायचं कुठे? हातातल्या पिशवीत. आणि पिशवीत आधीच सात किलो कपडे. मग कपडे ठेवायचे कुठे? अंगावर! सदऱ्यावर सदरा, त्यावर तिसरा सदरा, स्वेटर, त्यावर कोट, विजारीवर विजार. मुलगा एकेक बाही ओढून देतोय, मी घामाघूम, रांगेतली माणसं बॅगा सोडून माझ्याकडे बघतायत. पुन्हा चिकटपट्टी, ती खोक्याला कमी आणि मुलाच्या कोटाला जास्त. पुन्हा पट्ट्यावर.

तेवीस पूर्णांक एक.

मी त्या पोरीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचीही अडचण होती बिचारीची, तेवीस म्हणजे तेवीस, तिच्या मागे तिचा साहेब उभा. मी खोक्यात एका कोपऱ्यातून हात घातला, चाचपत हँडलवरची घंटी शोधली, सोडवली, आणि कोटाच्या खिशात टाकली. तेवीस. नुसते तेवीस. खोका पट्ट्यावरून आत गेला, आणि मुलानं इतक्या जोरात श्वास सोडला की मला वाटलं एखादी ट्यूब गेली.

पुढे तपासणी. मी आता असा फुगलेला की दारातून सरळ जाईना, आणि पाऊल टाकलं की खिशातून ट्रिंग. गणवेशवाल्यानं पिशवी उघडली, सीट वर काढली, उलटी केली, सुलटी केली, स्प्रिंग दाबून बघितली. म्हणाला, हे काय? म्हटलं, सीट. म्हणाला, विमानात सीट मिळते. म्हटलं, ती कशी असते ते बघूनच सांगीन. त्यानं आपल्या साहेबाला बोलावलं, साहेबानंही स्प्रिंग दाबली. दोघांना दाबायला मजा येत होती, माझ्या लक्षात आलं. सोडलं एकदाचं.

अकरा तास, तुम्हाला सांगतो, तीन सदरे, स्वेटर, कोट, दोन विजारी. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, तुम्हाला थंडी वाजते का? आणि मी कूस बदलली की ट्रिंग. पुढच्या रांगेतला एक माणूस प्रत्येक ट्रिंगला विमानातल्या पोरीला हाक मारायचा, त्याला वाटायचं चहा आला. पण माझं चित्त खाली. निघताना खिडकीतून खोका बघितला होता. दोघांनी तो आडवा टाकला. मी वर बाणाची खूण करून एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, उभा ठेवा. त्यांनी बाण आडवा करून आडवा टाकला. आणि त्यावर बॅगा रचल्या. तो दांडा जरा वाकला असता, नुसता केसभर, तर पेडल फिरताना दर फेरीला गुडघ्याला हिसका, म्हणजे संपलं. डोळा लागला नाही.

उतरलो. बॅगांचा तो फिरता पट्टा सुरू झाला. लाल आल्या, काळ्या आल्या, एकाची तर गादी आली. माझा खोका नाही. माणसं गेली. पट्टा थांबला. मी एकटा उभा, पाय थकलेले, दोनशे पावलं केव्हाच संपलेली. मनात म्हटलं, झालं. आता कोच.

एक झाडूवाली बाई आली. मी हातानंच चाकं फिरवून दाखवली, तिनं कोपऱ्यातल्या रुंद दाराकडे झाडू केला. मोठं सामान म्हणे तिकडून येतं. आणि त्या दारातून एक माणूस ढकलगाडीवर माझा खोका घेऊन आला. उभा! एक कोपरा फाटलेला, पण उभा.

तिथेच बसलो, तिथेच फाडला. आधी डावा दांडा. बोटानं चाचपला, डोळ्याला लावून बघितला, दोनदा बघितला. सरळ. जीव भांड्यात पडला. मग चाक, हँडल, सीट, कॅरियर, हवा. पाऊण तास लागला.

धाकटी बाहेर दीड तास ताटकळत. तिला वाटलं बाबांना आतच ठेवून घेतलं. आणि बाबा सायकल ढकलत बाहेर, कॅरियरवर अर्धी रिकामी पिशवी. तिनं मला मिठी मारली, मागे सरकली, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली,

"बाबा, दादा उगाच काळजी करत होता. किती छान भरलात तुम्ही."

मी म्हटलं, हो. आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा बाहेर पडलो. कुणी नेलं नाही, कुणी आणलं नाही. नदीपर्यंत गेलो, पाव घेतला, परत आलो. चार रस्ते चुकलो, पण माझे मी चुकलो. घरी आलो तेव्हा धाकटी दारात उभी, चेहरा पडलेला. पाव बघितला आणि विचारलं, कुठल्या दुकानातून? नदीपाशी? एवढ्या लांब गेलात? म्हटलं, लांब काय त्यात.

ते माझं चुकलं. तसं म्हणायला नको होतं.

आता सकाळी पाव. मग नातीला शाळेत सोडा, ती मागे बसून माझ्या पाठीवर बोटानं चित्रं काढते. मग टपाल. मग जावईबापूंचा विसरलेला डबा त्यांच्या ऑफिसात. दुपारी शेजारच्या आजींची औषधं, त्यांच्याशी माझी ओळखही नाही. नातीला परत आणा. या घरात कोच आहे म्हणतात, चांगला मऊ आहे म्हणतात, मला तीन आठवड्यांत टेकायला मिळालं नाही. काल म्हटलं जरा पडू. सायकल आत घ्यायला गेलो, तर हँडलला ही मोठी तारेची टोपली. धाकटीनं बसवलेली. आत यादी.

टोपली तिरकी बसली होती. पाना आणला, सरळ केली, आणि निघालो.