मशीनच्या बदल्यात आजोबा

...आणि वर लोक मलाच विचारतात, “पण काकू, तुम्ही माणूस ठेवून घेतलातच कसा?” अहो, मी कुठे ठेवून घेतला! मी नुसतं दार उघडलं! आणि दार उघडायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे, बाहेर खुट्ट झालं की माझा हात आपोआप कडीवर... असो. तुम्हाला सांगते, सगळा घोळ त्या एका शब्दाचा. तोलामोलाचं!

आमच्या इमारतीत रीतच आहे. कुणाची वस्तू मागून न्यायची तर तिच्या जागी आपली तोलामोलाची वस्तू ठेवून जायची. ही रीत काढली तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी, त्यांची शिडी एक पायरी गमावून परत आली तेव्हा. पण तोलामोलाचं म्हणजे नेमकं काय, सांगा बघू? बेकरीवाल्याने माझी इस्त्री नेली आणि भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. बंद पडलेलं! वर म्हणतो कसा, “किमतीला सारखंच आहे की हो!” तशी गेले मास्तरीणबाईंकडे. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “किमतीचा काय संबंध? तुझं जेवढं अडतं तेवढंच त्याचंही अडलं पाहिजे. तेव्हा ते तोलामोलाचं.” ऐकायला छान वाटतं हो! निस्तरायची वेळ माझ्यावर आली ना!

त्या दिवशी दुपारी वरची शिंपीणबाई दारात. तिच्या मशीनची मोटार जळालेली आणि संध्याकाळी नाटकवाल्यांचे कपडे द्यायचे. “काकू, तुमचं मशीन द्या हो, पाया पडते.” माझं मशीन! माझ्या आईने दिलेलं! त्याला मी आमच्या ह्यांनासुद्धा हात लावू देत नाही. म्हणून टाळायला म्हटलं, “तोलामोलाचं काय ठेवतेस?” तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मागे जिन्यात उभे असलेले सासरे पुढे केले!

“हे ठेवते. यांच्याहून मोलाचं माझ्या घरात काही नाही. फक्त नजर ठेवा काकू, बाहेर पडले की घर विसरतात.”

आता नाही कसं म्हणणार? आणि खोटं कशाला बोलू, म्हटलं म्हातारा माणूस, बोलेल चार गोष्टी, वरच्या घरातलं काहीबाही कळेल. बसवलं खुर्चीत, चहा दिला. वरून छतातून माझ्या मशीनची घर्रर्र ऐकू येतेय, आजोबा चहा फुंकतायत, सगळं कसं छान... आणि तेवढ्यात जिन्यात खालच्या नर्सबाईंचा आवाज! नवऱ्याला झापत होत्या हो, भर जिन्यात! मी फक्त दाराबाहेर डोकावले. बरं, दोन पायऱ्या खाली उतरले. नीट ऐकू येत नव्हतं, मी तरी काय करणार?

परत आले तर खुर्ची रिकामी.

स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, कपाटसुद्धा उघडलं. दाराशी चपला पाहते तर काय, एक त्यांची आणि एक आमच्या ह्यांची. म्हणजे पायात उरलेल्या दोन घालून गेले! अंगणात उतरणाऱ्या मागच्या जिन्याने! आणि कोपऱ्यावर रस्ता खणलेला, पलीकडे ट्रक सुसाट... वर घर्रर्र चालूच. मशीन चालतंय तोवर तिला पत्ता नाही, एवढाच काय तो आधार. आणि मशीन थांबलं! माझं काळीजही थांबलं. खाली आली तर काय सांगू? तोलामोलाचं भरून काय देऊ? आणायचं कुठून? सासरा कुठल्या दुकानात मिळतो?... घर्रर्र! दोरा तुटला असणार. हुश्श!

यांना झोपेतून उठवलं. हे म्हणतात, “हरवला? मग आता तिला काय देणार?” मी नुसतं यांच्याकडे पाहिलं. “ए, माझ्याकडे बघू नकोस हं!”

धावले रस्त्यावर. बेकरीवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, खड्ड्यावरच्या कामगारांना सांगितलं, “उंच, पाठीत वाकलेले, विसराळू!” सगळे कामं टाकून शोधायला. मी खड्ड्यात वाकून वाकून बघतेय, डोळ्यांतून पाणी, मनात नको नको ते... मघाशी चहा गार झाला म्हणून ‘बाळ, जरा गरम करतेस?’ म्हणाले होते हो. या वयात मला बाळ कोण म्हणतं? आणि मी ‘थांबा जरा’ म्हणून जिन्यात पळाले!

तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, “रडू नका बाई, सापडेल. दिसायला कसा आहे म्हातारा?” मी मान खालीच घालून म्हटलं, “पायात दोन वेगळ्या चपला...” आणि समोरच दिसल्या! आजोबा! माझ्याबरोबर खड्ड्यात वाकून स्वतःलाच शोधत होते! मी म्हटलं, “आजोबा, चला घरी.” तर म्हणतात, “असं कसं? आधी तो बिचारा सापडू दे.” ओढून आणलं हो!

संध्याकाळी शिंपीणबाईने मशीन परत केलं, सासरे घेऊन गेली. झालं, सुटले म्हटलं. आणि रात्रीच्या जेवणाला बसले तर ती रिकामी खुर्ची काही बघवेना. सकाळी मीच वर गेले, “मोटार दुरुस्त होईपर्यंत ने गं मशीन.” तेव्हापासून मशीन वर, आजोबा खाली. फाटक्या उशा मी हाताने शिवते.

आताही तुमच्याशी बोलायला म्हणून मी जरा दाराबाहेर... बघा हो माझ्या मागे, बसलेत ना खुर्चीत? नाहीत?... अगं बाई! चपला? बघा, बघा!... एक त्यांची, एक ह्यांची?

असू दे. जाऊन जाऊन जाणार कुठे? मी दिसले नाही ना, म्हणजे मलाच शोधायला गेले असतील. मी त्यांना शोधायचं, त्यांनी मला शोधायचं... झालं बाई एकदाचं तोलामोलाचं!