कमलम्माची उसनी घागर

दोन हजार पंचवीसचा वैशाख, सोलापुरात पारा चव्वेचाळीसवर, आणि आमचे मालक शिवानंद म्हणतात, "मामा, आता टॉवेलला पासपोर्ट लागणार!" तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं टॉवेल रंगवतोय, मला पासपोर्ट नाही... आणि अंग पुसायच्या फडक्याला? युरोपात म्हणे कायदा झालाय, कुठला रंग, कुठलं पाणी, सगळं टॉवेलच्या कागदावर पाहिजे. सत्तावीस देश तिकडं, हितं मी एकटा!

आधी असं नव्हतं हो. दोन हजार तीनला पंधराच देश होते, पंधराच! म्हणाले, हे रंग वापरू नका. नाही वापरले. मग त्यांचा माणूस आला, "रंगखात्यातून बाहेर पडणारं पाणी दाखवा." आता ते कसं दाखवतो? नाला बघून अख्खी गल्ली सांगायची, आज लाल ऑर्डर! मागच्या दारानं शेजारच्या कमलम्माकडं गेलो, तिच्या बोअरचं पाणी तिच्याच घागरीत भरून आणलं. "व्हेरी क्लीन!" साहेब खूष. शिक्का.

आणि कमलम्मा? "धुळाप्पा, उसनं हाय ते. असंच पाणी परत दे की." देतो म्हटलं. दोन वर्षांत तिचाच बोअर लाल झाला... आमच्याच नाल्यानं. आता देऊ कुठून? विकतचं तिला नको. रोज दारात बसून हाक, "माजी घागर कुटं हाय रं?" कुणाचं उसनं न ठेवणारा माणूस मी, वीस वर्षं त्या दारावरून खाली मान घालून गेलो!

तिकडं देश वाढले, कागद वाढले. रंगाच्या डब्यात काय ते लिहा, डब्याच्या बापात काय तेही लिहा! अठ्ठावीस झाले. मग एक भांडून बाहेर पडला. वाटलं, जाताना एखादा नियम तरी घेऊन जाईल... कसलं काय! सत्तावीस देश तिकडं, हितं मी एकटा!

गेल्या वर्षी तपासणीला एक बाई आली. मी विकतच्या पाण्याची घागर पुढं केली, तिनं बघितलीसुद्धा नाही. थेट नाल्यात उतरली, गुडघाभर! "मामा, हे साफ करा, नाहीतर ऑर्डर बंद." म्हणजे बारा घरच्या चुली बंद. शिवानंदनी घाम पुसत टाक्या बांधल्या, यंत्रं बसवली.

काल त्या टाकीतून पहिलं पाणी आलं. जिभेला लावलं, रंगाऱ्याची सवय. मीठ नाही, खार नाही. बाईनं पास केलं. मी कमलम्माचीच पितळी घागर घासली, भरली, तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.

सत्तावीस देश पास करून बसले होते... हितं कमलम्मा एकटी!

कमलम्मानं आतून पांढरं लुगडं आणलं, त्या पाण्यात बुचकळलं, पिळलं, उन्हात धरलं. पांढरंच होतं.

लुगडं तिनं दोरीवर टाकलं, घागर उचलली, दार लावलं.