शवासनापुरती कडी

—नाही नाही, चपला आतच काढा पुतळाबाई, बाहेर ठेवल्या की खालचं कुत्रं पळवतं, माझा एक सँडल नेलाय मेल्यानं, आणि नेला तोही एकच! बसा. तिथं नको, ती माझी मॅट आहे, आत्ताच क्लास संपला, तुमची बेल वाजली आणि मी लॅपटॉप मिटला. या खुर्चीवर बसा. चहा टाकते. नको? असं कसं, एवढ्या सकाळी नाशिकरोडहून सिडकोपर्यंत आलात. बरं, मग थांबून घेऊ. तर काम म्हणाल तर तसं कामच नाही हो. सासूबाईंजवळ बसायचं. सकाळी सहा ते सात, एवढंच. अंघोळ मी घालते, भरवते मी, कपडे-बिपडे सगळं मीच बघते. शाळेतली नोकरी सोडली मी त्यांच्यासाठी. मिस्टर माझे, सुयश, पुण्याला असतात, रविवारचे येतात. आले की विचारतात, आई कशी आहे? मी म्हणते, मजेत आहे... ते? ते काही नाही, वरच्यांच्या फरशीचं काम चाललंय, सकाळपासून ठोकाठोक लावलीये.

आता तुम्ही म्हणाल, एका तासासाठी बाई कशाला? तर तो एक तास माझा असतो. योगा करते मी. ऑनलाइन. पाठीनं इतकं धरलं होतं की डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार, शरीर हलवा. बाहेर क्लासला जायची सोय नाही, यांना सोडून कुठं जाणार? मग हा क्लास लावला. निकिता मॅडम घेतात, गंगापूर रोडला राहतात, आवाज काय गोड! पडद्यावर सगळ्यांचे छोटे छोटे चौकोन दिसतात — कुणाच्या मागं मोठी काचेची खिडकी, कुणाच्या मागं झाडांच्या कुंड्या, आणि माझ्या मागं ही कोरी भिंत. इकडच्या बाजूला फोटो आहेत ना आमचे — बुद्धांचा, बाबासाहेबांचा — ते नाही येत कॅमेऱ्यात. म्हणजे उजेडासाठी हो. उजेड या बाजूनं चांगला येतो. नाव पण मी नुसतंच ठेवलंय, राखी. आडनाव कशाला उगीच. तुमचं आडनाव काय म्हणालात? ...राहू द्या. राहू द्या, मीपण काय विचारत बसले.

कडी? हो, आईंच्या खोलीला बाहेरूनच आहे. बघितलीत तुम्ही. तसं बघू नका हो पुतळाबाई, कोंडून नाही ठेवत मी कुणाला! विसरायचा आजार आहे त्यांना. एकदा दार उघडं राहिलं तर पार पाथर्डी फाट्यापर्यंत गेल्या, रिक्षावाल्याला म्हणे, मला पिंपळगावला सोड, द्राक्षाची गाडी लागलीये. पॅकहाउसला होत्या ना त्या, सगळी उमर उभं राहून द्राक्षं निवडण्यात गेली, त्याच्यावर सुयशना शिकवलं. आता त्या सुयशनाच त्या सहादू म्हणतात. सहादू म्हणजे माझे सासरे, ते जाऊन किती वर्षं झाली. मुलाचं नाव नाही आठवत बघा. मग कडी नको का? तुम्हीच सांगा. आणि दुसरं म्हणजे मेणबत्ती. मेणबत्ती पेटवली त्यांनी एकदा, इथं, या मॅटच्या डोक्याशी. पडली असती म्हणजे? माझे केसच होते तिथं.

कशाला म्हणजे... अहो, शवासन असतं शेवटी. तुम्हाला माहीत नसेल, उताणं निजायचं, हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे, अजिबात हलायचं नाही. मॅडम सांगतात, बाहेरून आवाज येतील, येऊ द्या, जाऊ द्या. तशी मी पडले होते. कॅमेरा चालू, आवाज पण बंद करायचा राहिलेला. तर पायांवर काहीतरी मऊ आलं. मला वाटलं, आईंना वाटलं असेल मला थंडी वाजतेय, पांघरूण घालतायत. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. डोळे नाही उघडले. ती त्यांची पांढरी साडी होती — जयंतीला, वर्षावासाला विहारात नेसून जायच्या ती, इस्त्रीची घडी मोडून त्यांनी माझ्या अंगावर घातली, अगदी गळ्यापर्यंत. मग काडी ओढल्याचा आवाज आला. मेणाचा वास आला. आणि मग आईंनी सुरू केलं — बुद्धं सरणं गच्छामि. नीट, एक शब्द इकडचा तिकडं नाही, तीनदा तीनदा, आपल्यात मयताजवळ म्हणतात तसं... आपल्यात म्हणजे आमच्यात. आणि मधेच रडू फुटलं तिला. माझ्या छातीवर डोकं टेकलं न् म्हणाली, "माझी राखी गेली वं माय! लय कामाची व्हती माझी राखी, एकटी टाकून गेली मला!"

राखी म्हणाली. लेकाचं नाव आठवत नाही तिला पुतळाबाई, स्वतःचं सांगता येत नाही. विचारा, तुमचं नाव काय, तर नुसती हसते. आणि माझं नाव घेऊन रडली. माझी सख्खी आई तरी माझ्यासाठी तशी रडेल का, कोण जाणे.

आणि मी काय केलं? मी उठले न् आधी लॅपटॉपकडे बघितलं. आधी तिकडं. सगळे उठून बसलेले आपापल्या चौकोनात. कुणी तोंडावर हात धरलाय, कुणी हसतंय, म्हणजे वाईट नाही हसत, तसलं हसणं असतं ना, किती गोड आजी म्हणतात तसलं. मॅडम म्हणाल्या, नमस्कार आजी. मी खाडकन झाकण मिटलं आणि आईंच्या अंगावर ओरडले. मी काय मेलेय का, म्हटलं. तर ती अशी बघत राहिली माझ्याकडं... आणि मग हसली हो! हसली, माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "उठली का? उठली माझी बाई." आणि मी तिच्या हातातली काड्यापेटी ओढून घेतली.

कोणी काही वाईट बोललं नाही, उलट दुपारी क्लासच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, आजी म्हणत होत्या ते कुठलं स्तोत्र? ऐकायला किती शांत वाटत होतं! साधं विचारलं होतं तिनं. मला सांगता आलं असतं. एवढ्या वर्षांची मास्तरीण मी, पोरांना शिकवलंय, मान वर करून उत्तर द्या म्हणून. आणि मी लिहिलं, काही नाही हो, आजार आहे त्यांना, काहीतरी बडबडतात. बडबडतात! माझ्या लग्नात म्हटलेलं, माझ्या वडिलांच्या मयतीला म्हटलेलं, ते बडबड. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कडी बसवली. कडी मेणबत्तीसाठी नाही बसवली पुतळाबाई. पाथर्डी फाट्यासाठी पण नाही.

हो, आवाज तिकडूनच येतोय. वर कुणाचं काही काम-बिम नाही.

मला वाटायचं, बाहेर यायचंय म्हणून वाजवते. लहान मूल कसं करतं, तसं. मी आपली कानात इअरफोन घालून आसनं करायची. एक तासाचा तर प्रश्न, मी म्हणायची, मलाही जीव आहे. तर परवा शवासनातच त्या इअरफोनचं चार्जिंग संपलं. मॅडमचा आवाज गेला आणि आतला आला. दार वाजवत होती आणि म्हणत होती, "उघडा रे कोणी, माझी सून पडलीय भाइर, तिच्याजवळ कोणी नाय." मग ते म्हणायची, बुद्धं सरणं. मग परत दार. तिला बाहेर नव्हतं यायचं पुतळाबाई. तिला माझ्याजवळ यायचं होतं. म्हणजे रोज... रोज सकाळी मी इकडं पाठ बरी करत पडलेली आणि तिकडं ती बाई मला मेलेली समजून दारावर डोकं आपटतेय. आणि मी येऊ द्या, जाऊ द्या करतेय!

आणि माहितेय आज काय केलं मी? परवा हे कळलं ना? काल जीव नाही झाला, क्लासच नाही केला. आणि आज परत लावली कडी. इअरफोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवले होते. फुल करून ठेवले होते! आणि तुम्हाला बोलावलं ते कशासाठी, तर तुम्ही आत बसावं, तिचा हात धरावा, म्हणजे ती वाजवणार नाही. आणि बाहेरून कडी मी लावणारच होते. तुम्हाला पण आत घालून लावणार होते हो. अशी बाई आहे मी, आणि तुमच्यासमोर चहा टाकते म्हणतेय...

थांबलं.

वाजायचं थांबलं ना? तुम्हाला पण... नाही, तुम्ही उठू नका. नका उघडू तुम्ही, अनोळखी चेहरा बघून घाबरेल ती, तिला वाटेल बाया जमल्या, मयताला आल्या. जा तुम्ही पुतळाबाई. काम नाहीये. खरंच नाहीये काही काम, उगीच बोलावलं तुम्हाला एवढ्या लांबून. दार नुसतं ओढून घ्या जाताना, आणि सँडल... चपला, चपला घाला आधी.

आई! आई, उघडते हं. अशा खाली का बसलात दाराशी? इकडं बघा. माझ्याकडं बघा. मीच आहे, राखी. उठले मी, आई. उठले.